टपालाच्या डब्यातलं गाणं

धारवाड, ६ जानेवारी १९६४

चि. सुलभास दामोदरमामाचे आशीर्वाद.

तुझ्या आईकडून पत्ता मिळवला. यशवंतपूरला खोली घेऊन राहतेस आणि जालहळ्ळीच्या कारखान्यात रेडिओची यंत्रं तपासतेस, एवढंच तिनं लिहिलं. आमच्या नात्यात आजवर बिघडलेला रेडिओ थापट मारून सुरू करणारेच निघाले. तपासणारी तू पहिली.

काम आहे म्हणूनच लिहितोय, ते लपवत नाही. आमची प्रेमा आकाशवाणीच्या धारवाड केंद्राच्या परीक्षेत पास झाली. ८ मार्चला, रविवारी, सकाळच्या सभेत तिचं पहिलं गाणं आहे. त्या सकाळी मी बंगळूरहून हुबळीकडे येणाऱ्या मेलमध्ये ड्यूटीवर असेन. टपालाच्या डब्यात उभ्यानं पत्रं लावणं हे माझं तीस वर्षांचं काम, ते तुला ठाऊकच आहे. गाणं लागेल तेव्हा गाडी हावेरीच्या आसपास असेल.

माझा जोडीदार मल्लाप्पा याच्या मेहुण्यानं एडनहून खिशात मावणारा ट्रान्झिस्टर आणलाय. तो त्या दिवसापुरता मिळेल. पण डब्यात चाकांचा खडखडाट, शिक्क्यांचा ठोका, पिशव्या आपटणं. त्यात काय ऐकणार? मल्लाप्पा म्हणतो, कानाला लावायचा हेडफोन आणि आवाज वाढवणारा छोटा ॲम्प्लिफायर, दोन्ही खिशात बसतील असं मिळतं. कोणता घ्यावा, कशाला काय जोडावं, आम्हाला कळत नाही. तू निवडून दे.

पोरीचं पहिलं गाणं चुकलं तर पुढची शंभर ऐकूनही ते भरून येणार नाही. स्वल्प लक्ष घाल.

तुझा,
दामोदरमामा


यशवंतपूर, ११ जानेवारी १९६४

ती. दामोदरमामांना नमस्कार.

पत्र मिळालं. प्रेमाचं अभिनंदन. ती सात वर्षांची असताना मी तिला शेवटची पाहिली. तेव्हाही ती गातच होती आणि कुणी थांबायला सांगितलं तर थांबत नव्हती.

हेडफोन निवडण्याआधी कान कळावा लागतो. दुकानात हे कुणी विचारत नाही, म्हणून लोक चुकीची वस्तू घेतात आणि यंत्राला दोष देतात. तेव्हा काही प्रश्न.

गाडी स्टेशनात थांबलेली असताना तुमच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक कानापासून किती लांब नेईपर्यंत ऐकू येते? दोन्ही कानांचं वेगवेगळं सांगा. ट्रान्झिस्टरवर एक केंद्र सोडून दुसरं लावताना मधे शिट्टी वाजते. बटण हळू फिरवलं की ती बारीक होत जाते. ती शेवटपर्यंत ऐकू येते, की मधेच नाहीशी होते? गाणं लावून आवाज कमी करत गेलात तर आधी काय हरवतं, तबला की तानपुरा?

ट्रान्झिस्टर पत्र्यापासून दूर, खिडकीत ठेवावा लागेल. डब्याचा पत्रा लहरी अडवतो. खिडकीत ठेवून तो आडवा फिरवत राहा. एका दिशेला आवाज सगळ्यात स्पष्ट येईल, ती दिशा लक्षात ठेवा.

एक शंका. दोन महिने हातात आहेत. त्या दिवशी रजा घेऊन घरच्या मोठ्या रेडिओवर ऐकणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात चांगलं होणार नाही का?

सुलभा


धारवाड, १९ जानेवारी १९६४

चि. सुलभास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी मामी अंबू म्हणाली, ही भाची आहे की डॉक्टर? मी म्हटलं, डॉक्टर एवढं विचारत नाहीत.

रजा शिल्लक नाही. ते सोड.

आता उत्तरं. बिरूरला गाडी बराच वेळ उभी होती, तेव्हा सगळं करून पाहिलं. घड्याळ हात पूर्ण लांब केला तरी ऐकू येतं, दोन्ही कानांना सारखंच. शिट्टी अगदी सुईच्या टोकासारखी होईपर्यंत ऐकू येते. आवाज कमी केला तर तबला आधी जातो, तानपुरा मागे राहतो. खिडकीत ठेवून ट्रान्झिस्टर फिरवला. दाराच्या बाजूच्या खिडकीत, तोंड इंजिनाकडे केलं की उत्तम.

अंबू विचारते, जेवणाचं काय करतेस? आणि कुणी पाहण्यातलं असेल तर सांग, असंही विचारते. मी नुसता टपालवाला, निरोप पोचवतो.

प्रेमा रोज पहाटे उठून रियाझ करते. मी शेजारी बसतो. छान गाते.

तुझा,
दामोदरमामा


यशवंतपूर, २७ जानेवारी १९६४

ती. दामोदरमामांना नमस्कार.

उत्तरं पाहून मी थक्क झाले. आमच्या विभागात माझे कान सर्वांत तीक्ष्ण समजले जातात. बारीक गुणगुण कुठून येते ते शोधायचं असेल तर मला बोलावतात. पण हात लांब करून घड्याळ मला ऐकू येत नाही. करून पाहिलं. तीस वर्षं चाकांवर उभं राहून तुमचे कान विशीतले कसे राहिले, हे समजलं तर मला आवडेल. कधीतरी शोध घेईन.

निवडीला मात्र यामुळे दिशा मिळाली. पर्याय दोन होते. पहिला, कानात बसणारं स्फटिकाचं बोंड. हलकं, स्वस्त, जपानी सेटांबरोबर मिळतं. त्यात बारीक स्वर उठून येतात, पण खर्ज पातळ होतो आणि बाहेरचा आवाज अडत नाही. दुसरा, सिटी मार्केटजवळ रविवारी जुनं सामान मांडतात तिथे मिळणारा लष्करी हेडफोन. जड आहे, डोक्यावर पट्टी बसते, उन्हाळ्यात कान घामेजतात. पण दोन्ही कान पुरते झाकले जातात.

तुमच्या कानांना आवाज वाढवून नको आहे. बाहेरचा आवाज अडवायला हवा आहे. म्हणून मी दुसरा घेतला. बाजारात तीन लावून पाहिले. एकाचा डावा मुका होता, एकात खरखर होती, तिसरा घेतला. ॲम्प्लिफायर मी स्वतः जोडला आहे. आत एकच ट्रान्झिस्टर, म्हणजे रेडिओ नव्हे, आवाज वाढवणारा बारीकसा भाग. सगळं साबणाच्या डबीत मावतं. जास्त वाढवला असता तर तुमच्यासारख्या कानाला त्रास झाला असता.

पुढच्या खेपेला बंगळूरला विश्रांती असेल तेव्हा घेऊन जा. मी कारखान्यात असले तर घरमालकीण चंद्राबाईंकडे ठेवते. त्या कन्नडच बोलतात, तुम्हाला अडचण नाही.

जेवण मी स्वतः करते. दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, असं मामींना सांगा.

सुलभा


यशवंतपूर, ५ फेब्रुवारी १९६४

ती. दामोदरमामांना नमस्कार.

काल तुम्ही येऊन हेडफोन आणि डबी नेलीत. जोडायची वायर वेगळ्या पुडीत होती. ती इथेच राहिली. तिच्याशिवाय बाकीचं निरुपयोगी आहे.

पुडी हातात घेऊन चंद्राबाई रस्त्याच्या वळणापर्यंत तुमच्या मागून आल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "एष्टु कूगिदरू केळलिल्ला." कितीही हाका मारल्या तरी ऐकलं नाही. त्या साठीच्या आहेत आणि त्यांचा गुडघा दुखतो. ड्यूटीची घाई मी समजू शकते. पण हाक मारणाऱ्याकडे वळून पाहायला किती वेळ लागतो, ते समजू शकत नाही.

कुणाला तरी पाठवा. सोबत डबी आणि हेडफोनही पाठवा, मी जोडून देईन. आता अंदाजावर काही सोडायचं नाही.

सुलभा


धारवाड, ९ फेब्रुवारी १९६४

चि. सुलभास आशीर्वाद.

चुकलं. चंद्राबाईंची माझ्या वतीनं क्षमा माग. आमचं घराणंच हट्टी, एकदा चालायला लागलो की मागे पाहत नाही. तुझी आजीसुद्धा अशीच होती. ऐकलं नाही हे खरं, आणि त्यावर मी काही बोलत नाही.

मल्लाप्पा रविवारी बंगळूरला आहे. सगळं सामान त्याच्याबरोबर देतो. पोरगा चांगला आहे, स्वल्प जास्त बोलतो.

तुझा,
दामोदरमामा


यशवंतपूर, १७ फेब्रुवारी १९६४

ती. दामोदरमामांना नमस्कार.

काल मल्लाप्पा येऊन गेले. डबी आणि हेडफोन मी त्यांच्याबरोबर परत दिलेले नाहीत. कारण लिहिते.

आधी माझी एक चूक. सकाळी चंद्राबाई नळावर भांडी घासत होत्या. मी दारातून काही विचारलं. पाणी धो धो पडत होतं. त्यांनी ओला हात कानामागे धरला आणि म्हणाल्या, "केळिसलिल्ला." मी त्यांना तो शब्द पुन्हा म्हणायला लावला, मग आणखी एकदा, सावकाश. मग विचारलं, त्या दिवशी मामांबद्दल काय म्हणाला होतात? त्यांनी तेच सांगितलं. "एष्टु कूगिदरू अवरिगे केळिसलिल्ला." मधला "इस" माझ्या कानांनी गाळला होता. दीड वर्षाचं माझं कन्नड तेवढंच. केळलिल्ला म्हणजे ऐकलं नाही. केळिसलिल्ला म्हणजे ऐकू आलं नाही. हे तुम्हाला मी समजावण्याची गरज नाही. कन्नड तुमच्या घरातली भाषा आहे.

मल्लाप्पा दुपारी आले. हेडफोन लावताच त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "अक्का, माझ्या कानाला अगदी बरोबर बसलंय बघा. घड्याळ, शिट्टी, सगळं मीच तर ऐकून सांगितलं होतं." मग त्यांनी जीभ चावली आणि हेडफोन घाईनं काढून ठेवला.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. ८ तारखेची ड्यूटी बदलून घ्यायला ते तयार होते. तुम्ही नाही म्हणालात.

मी हे कुणाला लिहिलेलं नाही आणि लिहिणार नाही. माझा प्रश्न एकच आहे, आणि तो आधी विचारला होता तोच आहे. घड्याळ तुमच्या कानाला किती लांबून ऐकू येतं?

सुलभा


धारवाड, २५ फेब्रुवारी १९६४

चि. सुलभास.

आठ दिवस उत्तर लिहिलं नाही. लिहायला बसलो की अंबू यायची आणि मी कागद उलटा करायचो.

घड्याळ ऐकू येत नाही. कानाला चिकटवलं तर डाव्याला थोडं. उजव्याला नाही.

कधीपासून, ते सांगता येत नाही. आधी डब्यातले लोक पुटपुटतात असं वाटलं. मग घरचे पुटपुटायला लागले. आवाज येतो, पण शब्द ओले होऊन चिकटल्यासारखे येतात. स, श, त, फ ही अक्षरं तर कुणी उच्चारतच नाही असं वाटतं. मी तोंडाकडे बघून जुळवतो. पत्ता अर्धा पुसलेला असला तरी पाकीट कुठं जायचं ते मी ओळखतो, तसंच. सरी, ठीक आहे, चालून जातं.

ऑफिसला कळलं तर मला डब्यातून काढून हुबळीला खुर्चीवर बसवतील. पण ती भीती धाकटी आहे.

प्रेमा गाते तेव्हा मी समोर बसतो. ती तोंड उघडते, गळ्याची शीर हलते, बोटं तानपुऱ्यावर फिरतात. मला खालचे स्वर येतात. वरचे मी आठवून भरतो. ती तेरा-चौदा वर्षांची असताना जशी गायची तसे. मग म्हणतो, छान.

८ तारखेला घरी सगळे रेडिओभोवती बसणार. शेजारचे गुरुराज मास्तर, त्यांच्याकडची माणसं. सगळे माझ्या तोंडाकडे बघणार. कुठं मान हलवायची ते मला कळणार नाही. डब्यात कुणी बघत नाही. तिथं पत्र्याला पाठ लावून मला जे काही मिळालं असतं, ते मी घेतलं असतं.

तू केळलिल्ला लिहिलंस तेव्हा मला बरं वाटलं होतं. हट्टी म्हणवून घेणं फार सोपं आहे.

आता तू काय म्हणतेस?

दामोदर


यशवंतपूर, १ मार्च १९६४

ती. दामोदरमामांना नमस्कार.

मी म्हणते की निवड पुन्हा करायला हवी. ती केली आहे.

लष्करी हेडफोन रद्द. तो खालचे स्वर जाड करतो, आणि ते तुम्हाला आहेतच. जे स्फटिकाचं बोंड मी पातळ म्हणून नाकारलं होतं, तेच आता योग्य आहे. दोन घेतली आहेत, प्रत्येक कानाला एक. डबी नवी आहे. तीन ट्रान्झिस्टर, आणि वाटेत एक छोटा कंडेन्सर. तो खर्जाला अडवतो आणि बारीक स्वरांना जाऊ देतो. दोन बटणं आहेत, डाव्याचं आणि उजव्याचं वेगळं. उजवं जास्त फिरवावं लागेल, पण एकदम फिरवू नका. जे कित्येक वर्षं आलं नाही ते अचानक आलं तर दुखतं.

तुम्ही अक्षरं लिहून पाठवलीत, त्याचा मला घड्याळापेक्षा जास्त उपयोग झाला. डबीतून कोणते स्वर किती वाढून येतात ते मी बाकावर मोजलं, आणि स, श, त, फ जिथे राहतात तिथे सगळ्यात जास्त वाढ ठेवली. हे गाण्यासाठी आहे की बोलण्यासाठी, असं मला सहकाऱ्यानं विचारलं. मी तेवढी वाढ पुन्हा एकदा मोजली.

तुम्ही न मागितलेली एक गोष्ट मी जोडली आहे. जुन्या टेलिफोनमधून काढलेला छोटा मायक्रोफोन. तो टेबलावर ठेवला तर समोर बसलेल्या माणसाचं बोलणं बोंडांत येतं.

वायरी दोन आहेत. आखूड वायर मल्लाप्पांच्या ट्रान्झिस्टरला बसते. लांब वायर घरच्या रेडिओच्या मागच्या बाजूला बसते आणि रेडिओचा आवाज इतरांना ऐकू येत राहतो. दोन्ही तपासल्या आहेत. कोणती वापरायची ते मी ठरवू शकत नाही. ८ तारखेला हावेरीच्या आसपास पत्रा लहरी किती अडवेल, तेही मला सांगता येत नाही. घरी एवढी एक अनिश्चितता कमी आहे. बाकीच्या अनिश्चिततांचं माप माझ्याकडे नाही.

चंद्राबाई म्हणतात, त्यांना राग आला नव्हता. राग मला आला होता.

मल्लाप्पा मंगळवारी डबी घेऊन निघतील.

सुलभा


धारवाड, १० मार्च १९६४

चि. सुलभास खूप आशीर्वाद.

लांब वायर वापरली.

मल्लाप्पानं ड्यूटी बदलून घेतली. वर म्हणाला, डब्यात त्या दिवशी मीच गाणं ऐकणार, मला सांगा कोण रागावतं ते. सकाळी मी तुझी डबी खिशात घातली, दोन्ही कानांत बोंडं बसवली आणि सगळ्यांच्या मधे खुर्ची ओढून बसलो. गुरुराज मास्तर म्हणाले, काय दामूअण्णा, दिल्लीहून टेलिफोन आलाय का? मी त्यांना सांगून टाकलं. माझे कान गेलेत, भाचीनं नवे पाठवलेत. मग अंबू म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी बोलले ते पोचलंच नाही? सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार." सगळे हसले. मीही हसलो, आणि माझं हसणं मला मोठ्यानं ऐकू आलं.

मग निवेदकानं प्रेमाचं नाव घेतलं. तिनं तोडी गायली. सुलभा, मी तुला काय सांगू? तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. मी वर्षानुवर्षं मनात भरत होतो तो एका पोरीचा आवाज होता. हा एका बाईचा. वर जाताना त्याला धार होती, आणि कडेला थोडी खर. तानपुऱ्याची झणझण तर मी विसरूनच गेलो होतो. मी मान हलवायची विसरलो.

दुपारी प्रेमा केंद्रावरून आली. नेहमीसारखं विचारलं, अप्पा, कसं झालं? मी तुझा मायक्रोफोन तिच्यासमोर ठेवला आणि सांगितलं. चांगलं झालं. पण अंतऱ्यात घाई करतेस, आणि वरचा स्वर सोडताना श्वास ऐकू येतो.

ती माझ्या कानांतल्या वायरींकडे बघत म्हणाली, "तुम्ही नुसतं छान म्हणायचात. मला वाटायचं, माझं गाणं तुम्हाला आवडत नाही, म्हणून ऐकत नाही." आणि आत गेली. दार लावून घेतलं. जेवायलाही आली नाही. अंबू मला म्हणाली, पोरीचा पहिला दिवस आणि तुम्हाला आजच चुका सापडाव्यात. मी म्हटलं, आजच सापडल्या.

संध्याकाळी ती तानपुरा घेऊन बाहेर आली. माझ्या डाव्या बाजूला बसली, मायक्रोफोन स्वतःच्या हातानं पुढे ओढला. म्हणाली, अंतरा परत म्हणते, घाई झाली की हात वर करा. मी केला. तिनं परत म्हटलं. मी परत केला. तिसऱ्या वेळेला तिनं तानपुरा मांडीवरून खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, की अंबू चुलीपाशी हातातला कालथा तसाच धरून उभी राहिली.

"अप्पा," ती म्हणाली, "आता मात्र तुम्ही छळायला लागलात."

मग तिनं तानपुरा उचलला आणि चौथ्यांदा सुरू केलं.

तुझा,
दामोदरमामा